नायक काही बोलतच नाही

७ फेब्रुवारी

रक्तदाब १३८/८८.

रोज सकाळी दुकान उघडण्याआधी मोजायचा आणि वहीत लिहायचा, असं डॉक्टरांनी बजावलंय. नुसते आकडे चालणार नाहीत म्हणे. आदल्या दिवशी काय खाल्लं, काय घडलं, मनाला काय लागलं, तेही हवं. मी म्हटलं, डॉक्टर, मी थोंगयंगच्या बाजारात सुकी मांदेली विकतो, माझ्या मनाला काय लागणार? ते म्हणाले, तरी लिहा, दोक-सू. म्हणून ही वही.

खाल्लं: कालवांची पेज, मुळ्याची किमची, तीन भजी. भजी ताईच्या ताटातली होती, ती धरायची नाहीत.

घडलं: सोलहून टीव्ही मालिकेची माणसं आली. दोन-अडीच महिने बंदरावर चित्रीकरण आहे. मालिकेचं नाव ‘तू सोडून कुणीही’. एकमेकांना सोडून गेलेले दोघं सोळा वर्षांनी भेटतात आणि भांडतात, अशी गोष्ट. नायक आमच्या गावचा, पण नट सोलचा. त्याला इथली बोली शिकवायला माणूस हवा होता. त्यांच्यातली एक मुलगी बाजारभर हिंडून लोकांना बोलतं करत होती. मला विचारलं, ही मांदेली चांगली आहे का? मी म्हटलं, "खाऊन बघा." ती म्हणाली, अगदी असाच माणूस हवा होता, आणि माझं नाव लिहून घेतलं.

मनाला लागलं: काही नाही.

१० फेब्रुवारी

१५६/९७. यंत्र बिघडलं असावं.

काल बंदरावरच्या कॉफीच्या दुकानात सगळ्यांशी ओळख करून दिली. दिग्दर्शक, नट बेक रा-ओन (वय सत्तावीस, चेहरा धुतलेल्या पेअरसारखा), आणि लेखिका. लेखिका वळली तर मो इन-जू.

ही वही डॉक्टर वाचणार, म्हणून खुलासा करून ठेवतो. मो इन-जू आणि मी चार वर्षं बरोबर होतो. लग्नाचंही ठरत आलं होतं. मग ती लेखन शिकायला सोलला गेली आणि मी गेलो नाही. त्याला सोळा वर्षं झाली. यात औषधाच्या दृष्टीनं काही नाही.

तिनं केस आखूड केलेत. चष्मा लागलाय. मला बघून तिच्या हातातला पेला तिरका झाला आणि कॉफी दिग्दर्शकाच्या बुटावर पडली. मी काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून म्हटलं, "जेवलात का?"

ती म्हणाली, "सकाळचे साडेदहा वाजलेत."

"म्हणजे नसाल जेवलात."

"नाही."

भेट चांगली झाली. दोघंही मोकळेपणानं बोललो.

११ फेब्रुवारी

१५१/९५. समोरच्या गल्लीत ताईचं केशकर्तनालय आहे. तिला कळलं होतंच. दोक-हुई ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. गेली सोळा वर्षं माझं डोकं तिच्याच हातात आहे. केस कापताना तिनं विचारलं, कशी दिसते रे ती आता? मी म्हटलं, लेखिकेसारखी. ताईनं आरशातून माझ्याकडे बघितलं आणि कानावरचे केस जरा जास्तच कापले.

१८ फेब्रुवारी

१४४/९०.

पहिल्या चार भागांची संहिता वाचून काढली. नायकाचं नाव मान-बोक, धंदा बोटींची इंजिनं दुरुस्त करण्याचा. नायिका सोलमधली वकील. ती शिकायला सोलला निघते तेव्हा हा तिला बसच्या तळावर भेटायचं कबूल करतो आणि येतच नाही.

इतका बिनडोक नायक मी आजवर पाहिला नाही. नायिकेच्या वाढदिवसाला तो तिला बोटीच्या इंजिनाची तेल गाळायची नवी जाळी देतो. असं कोण करतं? मी इन-जूच्या वाढदिवसाला पहिल्या प्रतीच्या मांदेलीची पेटी दिली होती. प्रत्येक मांदेलीचं डोकं आणि पोट हातानं काढलेलं. दोन दिवस लागले होते. याला म्हणतात भेट.

हे मी दिग्दर्शकाला सांगितलं, जाळी पटत नाही म्हणून. इन-जू बाजूला बसली होती. ती एकदम पुस्तकात डोकं घालून काहीतरी शोधू लागली. पुस्तक उलटं होतं.

रा-ओन चांगला पोरगा आहे. मला गुरुजी म्हणतो आणि दिवसभर माझ्या मागे असतो. फक्त चालतो वाईट. पावलं बाहेर फेकत, खांदे वर, हात मागे. म्हातारं बदक जसं. मी समजावलं की इकडचे पुरुष असे चालत नाहीत. सगळी माणसं हसायला लागली. बिचारा. गुडघ्याचा आजार असणार.

४ मार्च

१४९/९३.

काल मोठं काम झालं. सातव्या भागात मान-बोक नायिकेची माफी मागतो. इन-जूनं ती सोलच्या बोलीत लिहिली होती, भरगच्च तीन पानं. रा-ओननं वाचून दाखवली. डोळ्यांत पाणी आणून वाचली, पण मी म्हटलं, आमच्याकडे असं कुणी बोलत नाही. दिग्दर्शकानं विचारलं, मग काय बोलतात? मी जरा विचार केला. प्रसंग धक्क्यावरचा, वारा सुटलेला. म्हटलं, तो म्हणेल, "थंडी आहे. आत हो."

रा-ओननं लगेच लिहून घेतलं. इन-जूनं विचारलं, "आणि उरलेली तीन पानं?"

"ती त्यातच आली."

"नायिकेला ते कळणार कसं?"

मला खरंच आश्चर्य वाटलं. म्हटलं, "कळत नाही?"

"नाही," ती म्हणाली. "कळत नाही. कधीच, कुणालाच कळत नाही." जरा मोठ्यानं म्हणाली. शेजारच्या टेबलावरच्या दोन आजी वळून बघायला लागल्या.

तिला संहितेचा फार ताण आलेला दिसतो. दुपारी तिच्या बिऱ्हाडाच्या दाराला पिशवी अडकवून आलो: परतायची बारीक मांदेली, अर्धा किलो. चिठ्ठी ठेवली नाही. मांदेली बघून कळतंच.

५ मार्च

१४०/८९. पिशवी शेजाऱ्यानं नेली.

१५ मार्च

१५३/९६.

आता रोज दुकान बंद केल्यावर तासभर इन-जूबरोबर बसायचं असतं. ती नायकाची वाक्यं वाचते, मी सांगतो ती इथं शोभतात का. कधीकधी ती वाक्य वाचतच नाही, नुसतं विचारते. मान-बोकनं सोळा वर्षांत दुसरी कुणी पाहिली असेल का? मी म्हटलं, बहिणीनं तिघी दाखवल्या असतील. मग? मग काही नाही, मुली चांगल्या होत्या, त्यांची लग्नं झाली. तिनं ते लिहून घेतलं. मान-बोकला बहीण आहे हे मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, आता आहे.

काल मात्र गाडी अडली. मान-बोक त्या दिवशी बसच्या तळावर का आला नाही, हेच अजून ठरलेलं नाही. चॅनेलवाल्यांना यकृताचा आजार हवाय. डॉक्टरनं सहा महिने दिलेत आणि तिला त्रास नको म्हणून तो आला नाही, असं. मी विचारलं, मग सोळा वर्षं जगला कसा? ती म्हणाली, औषध निघालं.

मी म्हटलं, कारण इतकं मोठं नसेल.

तिनं पेन्सिल खाली ठेवली. "मग केवढं असेल?"

"लहान."

"किती लहान? दुसरी मुलगी?"

"तेवढं मोठं नाही."

"दुसऱ्या मुलीपेक्षा लहान," ती म्हणाली. हातातला कागद तिनं घडी करून करून नखाएवढा केला. मला वाटलं तिला भूक लागलीय. गिमबाप आणायला उठलो तर म्हणाली, बसा. मग म्हणाली, जा. गेलो.

२२ मार्च

१३९/८८.

रा-ओनचा ओठ सुजला. त्याला इथल्या माणसासारखं सगळं कच्चं खायचं होतं. मी सांगितलं होतं, खडकाला चिकटणाऱ्या समुद्री जिवांची ती लाल गाठोडी एका वेळी दोन पुरे. यानं अकरा खाल्ली. दोन तासांत वरचा ओठ नाकाला टेकला. त्या दिवशी चुंबनाचा प्रसंग होता. नायिका करणारी नटी म्हणाली, मी वकील झालेय, डॉक्टर नाही. प्रसंग बदलला, आता नायक तिच्याकडे पाठ करून जाळं विणतो.

मी आणि इन-जू रा-ओनच्या दोन बाजूंना बसून त्याच्या ओठावर बर्फ धरत होतो. त्याला काहीतरी सांगायचं होतं, तो म्हणाला, "गुंवूंजी, पुढच्या वेनी नऊ खाईन." इन-जूला हसू आवरेना. ती हसताना खुर्चीवरून घसरते. पूर्वीही घसरायची. मी हात धरून ठेवला, पडू नये म्हणून. बर्फ वितळेपर्यंत धरलेला होता. पडण्याचा धोका होताच.

२५ मार्च

तपासणी. डॉक्टरांनी वही दोन दिवस ठेवून घेतली. परत देताना गोळी बदलली नाही. म्हणाले, तुम्ही फार मंद आहात हो. मी विचारलं, नाडी? ते म्हणाले, नाडी ठीक आहे.

२ एप्रिल

१६१/१००.

काल मला एक गोष्ट कळली आणि मला ती आवडली नाही. चहा पिताना दिग्दर्शक बोलून गेला की मान-बोक खऱ्या माणसावरून घेतलाय, लेखिकेच्या ओळखीतल्या.

म्हणजे सोलमध्ये इन-जूचा कुणीतरी आहे, किंवा होता. आणि तो असला निघाला. बोलता येत नाही, चालता येत नाही, वाढदिवसाला जाळी देतो. अशा माणसासाठी तिनं सोळा भाग लिहायला घेतलेत. मला तिची काळजी वाटली. रागही आला, तो त्या माणसाचा. दिवसभर मी गिऱ्हाइकांना रश्शाची मोठी मांदेली मागितली की परतायची देत होतो.

संध्याकाळी रा-ओन तालमीला आला, पावलं फेकत. मी सरळ विचारलं, मान-बोक कुणावरून घेतलाय, तुला ठाऊक आहे? त्यानं हातातली संहिता खाली ठेवली. मग खुर्ची जवळ ओढून, आजाऱ्याशी बोलावं तसं हळू म्हणाला, "गुरुजी, दोन महिने मी कुणाची चाल उचलतोय, असं तुम्हाला वाटतं?"

मी म्हटलं, तुझ्या गुडघ्याला काहीतरी झालंय.

तो म्हणाला, "जरा दारापर्यंत जाऊन या. आणि त्या काचेत बघा."

गेलो. बघितलं.

३ एप्रिल

मोजला नाही. दुकानही उघडलं नाही. बारा वर्षांत दोनदाच बंद होतं, एकदा वादळात आणि एकदा अक्कलदाढेच्या वेळी.

संहिता पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. जाळी म्हणजे मांदेलीची पेटी. "थंडी आहे, आत हो" तर माझंच. मान-बोक शिंकण्याआधी "थांब" म्हणतो, तो मी. दोन महिने मी तिच्यासमोर बसून या माणसाला बिनडोक म्हणत होतो आणि ती मान डोलावत लिहून घेत होती.

आणि "का आला नाही" हा प्रश्न. सहा वेळा विचारला तिनं. मला वाटत होतं मालिकेसाठी विचारतेय.

ताई जेवण घेऊन आली. मी पांघरुणातून बाहेर आलो नाही. तिनं उशाशी सार ठेवलं आणि म्हणाली, जे काय असेल ते सांगून टाक तिला, मासळी फार दिवस झाकून ठेवली की सगळ्या गल्लीला कळतं. ताईला हे सांगता आलं असतं तर सोळा वर्षांपूर्वीच सगळं मिटलं असतं.

४ एप्रिल

१५८/९८. हे संध्याकाळी लिहितोय. आज सगळं सांगितलं.

इन-जू धक्क्यावर एकटी बसली होती, मांडीवर कागद. मी शेजारी बसलो. म्हटलं, "केसांमुळे."

"कसले केस?"

मग एकदम सांगितलं. मीही सोलला जाणार होतो, तिच्याबरोबर, त्याच बसनं. तिला आधी सांगितलं नव्हतं, तळावरच आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. सोलमध्ये गावंढळ दिसू नये म्हणून सकाळी ताईकडे गेलो. ताईला केशरचनेचं प्रमाणपत्र मिळून तीन दिवस झाले होते, मी तिचं पहिलं डोकं. म्हटलं, सोलच्या माणसासारखे कुरळे कर. तिनं गुंडाळ्या लावल्या, औषध ओतलं, तेवढ्यात मावशीचा फोन आला. मावशी पाऊण तास बोलली. गुंडाळ्या काढल्या तेव्हा माझ्या डोक्यावर फुलकोबी होती. नारिंगी छटेची. टोपी घातली तर टोपी उडी मारायची.

तरी गेलो. तळावर गिमबापची टपरी होती, तिच्या आडोशाला उभा राहिलो. इन-जू बाकावर बसली होती, घड्याळ बघत. पुढे पाऊल टाकलं की टपरीच्या काचेत मी दिसायचो आणि पाऊल मागे यायचं. असं अकरा वेळा झालं. मग बस सुटली.

इन-जूनं मांडीवरचे कागद बाजूला ठेवले. समुद्राकडे बघत होती. मग म्हणाली, "तिकीट काढलं होतंस?"

"औषध जास्त वेळ राहिलं, त्यामुळे..."

"दोक-सू. तिकीट काढलं होतंस का?"

"हो."

"कधी?"

"आदल्या दिवशी. शेजारची जागा मिळाली होती."

मी केसांचं सांगत होतो आणि ती तिकिटाचंच धरून बसली. आणखी एक: दोन महिने ती मला तुम्ही म्हणत होती, आज तू म्हणाली. तिच्या ते लक्षात आलं नसावं.

मग तिनं विचारलं, दुसऱ्या दिवशी फोन का केला नाहीस? मी म्हटलं, फोनवर कारण सांगावं लागलं असतं. ते ताईच्या कानावर गेलं असतं. तिनं पहिल्यांदाच कुणाच्या डोक्याला हात लावला होता. आपल्यामुळे भावाचं लग्न मोडलं हे कळलं असतं तर तिनं पुन्हा कात्री धरली नसती.

"तिला ते कळलं असतं म्हणून सांगितलं नाहीस," इन-जू म्हणाली. "आणि मला काय कळलं सोळा वर्षं?"

ती उठून गेली. कागद विसरली म्हणून परत आली, कागद उचलले, गेली. चष्मा विसरली म्हणून पुन्हा आली. या वेळी चष्मा घालून माझ्याकडे नीट बघितलं, डोक्याकडे, आणि तिच्या घशातून एक आवाज आला. ती रडते की हसते हे कळेपर्यंत ती कोपऱ्यावर पोचली होती.

५ एप्रिल

१४७/९१.

इन-जूनं सकाळीच दुकानात येऊन सांगितलं की यकृत रद्द. चॅनेलवाल्यांशी भांडून तिनं फुलकोबी मंजूर करून घेतलीय. मी म्हटलं, नाही, ताई बघेल. ती म्हणाली, म्हणून तर तू आधी तिला सांगायचंस. सांगणार नसशील तर मान-बोकला यकृताचा आजार होईल, वर स्मृतीही जाईल, आणि सगळा देश म्हणेल की थोंगयंगच्या पुरुषांना काही कळत नाही. ठरव.

मी म्हटलं, दोन दिवस दे. ती म्हणाली, सोळा वर्षं आणि दोन दिवस, घे.

७ एप्रिल

१५५/९६.

सांगितलं. दुपारी गिऱ्हाईक नसताना गेलो. ताई फरशी पुसत होती. ती पुसतच राहिली. मी थांबल्यावर म्हणाली, "माझ्या त्या केसांमुळे?"

मी म्हटलं, तुझा दोष नाही, मावशीचा.

"त्या केसांना काय झालं होतं?" तिनं विचारलं.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ताईनं फडकं टाकलं आणि गल्ल्याखालच्या खणातून एक फोटो काढला. मी, वीज पडलेल्या झाडासारखा. तिनं तो जपून ठेवला होता, नव्या मुलींना शिकवताना दाखवते म्हणाली. हे असे टिकायला हवेत, असं सांगते.

"चार महिने टिकले होते," ताई म्हणाली. "दोष केसांचा नाही. तुझं डोकं चौकोनी आहे. चौकोनी डोक्यावर गोल केस मागतोस आणि तोंड लपवतोस." मग आणखी बरंच बोलली. माझी चाल, माझं तोंड न उघडणं, तिनं दाखवलेल्या तिघी. शेवटी म्हणाली, जा आता, मला काम आहे.

मी दारातून वळून बघितलं. ती डोकं धुवायच्या भांड्यात पाणी सोडून उभी होती. भांड्यात कुणाचं डोकं नव्हतं. पाणी बराच वेळ वाहत होतं.

संध्याकाळी तिनं इन-जूसाठी दोन बरण्या किमची पाठवली. माझ्यासाठी काही नाही.

१४ एप्रिल

१३६/८७.

चित्रीकरण ताईच्याच दुकानात झालं. सोलहून खास केशभूषाकार आला होता, ताईनं त्याला दाराबाहेर बसवलं आणि रा-ओनच्या गुंडाळ्या स्वतः लावल्या. आता तिला सोळा वर्षांचा अनुभव आहे. इन-जूनं मला विचारलं, तेव्हासारखं बिघडेल ना? मी म्हटलं, ताईचा हात आता बसलाय, भीती तीच आहे.

गुंडाळ्या काढल्या. हुबेहूब फुलकोबी, नारिंगी छटेसकट. ताई मागे सरून समाधानानं म्हणाली, बघ, गोल डोक्यावर किती शोभतात. रा-ओन आरशात बघून म्हणाला, गुरुजी, आता मला तुमचं दुःख आतून कळलं.

मग बसच्या तळावरचा प्रसंग, तो एकदाच घ्यावा लागला. टपरीच्या काचेसमोर तो अकरा वेळा पुढे-मागे झाला. पहिल्या पाच वेळा सगळे हसत होते. नंतर कुणी हसलं नाही. दिग्दर्शकाच्या पाठीमागे इन-जू उभी होती, मी तिच्या शेजारी. तिनं माझी बाही धरली होती. मान-बोकनं अकराव्यांदा पाऊल मागे घेतलं तेव्हा ती पुटपुटली, "मी हाक मारायला हवी होती."

मी म्हटलं, तुला दिसलो नव्हतो ना.

"एक मोठं नारिंगी काहीतरी दिसलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं टपरीवाल्यानं झाडू ठेवलाय."

२१ एप्रिल

१३३/८६. सगळे गेले. अजून शेवटचे दोन भाग लिहायचे आहेत, ते सोलमध्ये लिहून झाले की धक्क्यावरचं तेवढं घ्यायला एक दिवस येतील. रा-ओननं मला मिठी मारली आणि त्याच चालीनं गाडीत बसला. आता त्याला सरळ चालता येत नाही, दुसऱ्या मालिकेत राजपुत्र व्हायचंय.

इन-जू म्हणाली, फोन करीन. मी म्हटलं, कर.

मला आणखी काही म्हणायचं होतं. डॉक्टरांनी वाचलं तर काय ते कळवावं.

१२ मे

१४१/९०.

काल फोन. शेवटचा भाग अडलाय. चॅनेलवाल्यांना धक्क्यावर लग्न, फुगे आणि सुट्टीवर गेलेली सगळी पात्रं परत हवीत. इन-जू म्हणाली, मला एकच वाक्य हवंय, मान-बोक शेवटी तिला काय म्हणतो. तू विचार करून सांग.

मी म्हटलं, येतो.

"कुठे?"

पण मी फोन ठेवला होता. आमच्याकडे बोलणं झालं की फोन ठेवतात.

१४ मे

यंत्र घरी विसरलो. हे बसमध्ये, परतीच्या वाटेवर लिहितोय. अक्षर हलतंय.

काल सकाळच्या पहिल्या बसनं गेलो. केसांना काही केलं नाही. इन-जू चौथ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. तिच्याकडे शेगडीवर कागद, खिडकीत कागद, आणि भाताच्या कुकरात डिंकाच्या बाटल्या. मी आधी कुकर धुतला. भात लावला. मग ती लॅपटॉपसमोर बसली आणि मी सांगायला लागलो.

"म्हणेल, घरी चल."

"हे नवव्या भागात झालं."

"म्हणेल, बोट सुरू झाली."

"पुढे?"

"पुढे काही नाही. बोट सुरू झाली."

असं दुपारपर्यंत चाललं. मी एकोणीस वाक्यं दिली. ती एकेक खोडत होती, आणि तिचे खांदे खाली खाली येत होते. मला दिसत होतं की हे वाक्याबद्दल नाही. या वेळी मला दिसलं, हे इथे नोंदवतो. तरी तोंड उघडेना. छातीत असं धडधडत होतं की बरं झालं यंत्र आणलं नव्हतं.

मग म्हटलं, "मान-बोकचं मला ठाऊक नाही. माझं सांगतो. मला तुझ्याबरोबर राहायचंय. इथं म्हणशील तर इथं, तिकडं म्हणशील तर तिकडं. सोळा वर्षं मी रागावलेला नव्हतो, लाजलेला होतो, आणि लाज जुनी झाली की ती कुणाला दाखवायची हेच कळत नाही. मला अजूनही भीती वाटते. तरी राहायचंय."

एवढं मी एका दमात आयुष्यात कधी बोललो नाही.

तिची बोटं लॅपटॉपवर होती, पण हलली नाहीत.

"लिहून घे की," मी म्हटलं.

"हे नाही लिहिणार."

"का? बोली चुकली?"

"बोली बरोबर आहे," ती म्हणाली, आणि लॅपटॉपचं झाकण लावून टाकलं. "हे माझं आहे. त्यांना दुसरं काहीतरी देते."

तोपर्यंत भात करपला होता. खाल्ला.

११ जून

१२८/८२. डॉक्टर खूश. वही परत मागत नाहीत, थेट विचारतात.

काल शेवटचा भाग दाखवला. ताईच्या दुकानात सगळा बाजार जमला होता. खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून चार जणी डोकं धुवायच्या भांड्यांच्या कडेवर बसल्या. सगळ्यांना केव्हाचं माहीत आहे की मान-बोक म्हणजे मी. गेला महिनाभर माझ्या दुकानात येणारा प्रत्येक माणूस आधी माझं डोकं बघतो, मग मांदेली. ताईकडे तर कुरळ्यांसाठी रांग आहे. शेवटी लग्न नाही, फुगे नाहीत. मान-बोक धक्क्यावर येतो, नायिकेची बॅग उचलतो आणि चालायला लागतो. ती त्याच्या मागून जाते. संपलं.

आज सकाळी मासळीवाल्या तिघीजणी दुकानात आल्या त्या तावातावानं. सोळा भाग वाट बघायला लावली आणि शेवटी नायक एक शब्द बोलत नाही, हे काय? एक म्हणाली, लेखिकेला प्रेमातलं काही कळत नाही. दुसरी म्हणाली, लग्न झालेलं नसणार. मी रश्शाची मांदेली तोलता तोलता म्हटलं, खरं आहे, शेवट मलाही जरा कच्चा वाटला.

इन-जू काल संध्याकाळच्या बसनं आली आहे. ताईखेरीज कुणाला अजून ठाऊक नव्हतं.

माझं वाक्य पुरं होतंय तोच आतल्या पडद्यामागून एक मांदेली भिरभिरत आली आणि माझ्या कानावर आपटली. मग दुसरी.

तिघींनी पडद्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग आपापल्या पिशव्या खाली ठेवल्या आणि सगळ्यात थोरलीनं स्टूल ओढून घेतलं.

"आम्हाला घाई नाही," ती म्हणाली.